आबेनी: योरुबातली नवसाची लेक

बाळांच्या नावांच्या याद्या चाळताना कधीतरी 'आबेनी' हे नाव समोर येतं. पुढे लिहिलेलं असतं 'आफ्रिकन, मुलीचं नाव', आणि अर्थ दिलेला असतो 'आम्ही तिला मागितलं आणि बघा, ती आम्हाला मिळाली'. वाचायला छान वाटतं, पण आफ्रिकन नावाची कुठली भाषाच नाही, हे नाव योरुबा भाषेतलं आहे, आणि ते 'आणि बघा' वगैरे तर त्या शब्दात कुठेच नाहीये, ते कुणीतरी नंतर चिकटवलंय. बरं हेही एकवेळ चालेल, पण त्या यादीत मुख्य गोष्टच राहून जाते, ती म्हणजे आपण ज्याला नाव म्हणतो त्या अर्थाने योरुबा लोक आबेनीला नाव धरतच नाहीत. ते ओरिकी आहे. आता ओरिकी म्हणजे काय ते समजलं की मग हे नाव कागदावर एवढं कमी का दिसतं तेही समजतं.

मराठी माणसाला याचा अर्थ सांगायला खरं तर एक शब्द पुरतो. नवसाची. 'ही आमची नवसाची पोर' असं आपल्याकडे जे म्हणतात ना, कुठेतरी देवापुढे पदर पसरून, खणानारळाने ओटी भरून, वर्षानुवर्षं वाट बघून झालेली, तीच आबेनी. फक्त आपण ते वाक्यात सांगतो आणि योरुबा आजी त्याचीच हाक करते.

योरुबा लोक म्हणजे कोण ते आधी पटकन सांगते. पश्चिम आफ्रिकेत नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग, म्हणजे लागोस, इबादान, अबेओकुटा, ओशोग्बो हा सगळा पट्टा, शिवाय शेजारच्या बेनिन देशाचा काही भाग आणि थोडंसं टोगो. भाषा बोलणारे चार कोटींच्या वर. त्यांच्यात ख्रिश्चन आहेत, मुसलमान आहेत, जुन्या देवांना मानणारेही आहेत, आणि एकाच घरात हे सगळे असणं तिकडे अजिबात नवलाचं नाही.

आता शब्द फोडून बघू. आ, बे, नी, असे तीन तुकडे. 'बे' म्हणजे विनवणी करणं, हातापाया पडून मागणं. 'नी' म्हणजे असणं, जवळ असणं, आपलं असणं. आणि सुरुवातीचा 'आ' हा क्रियापदापासून नाम बनवणारा प्रत्यय, आपल्याकडे 'घेतलेली, आणलेली' यात जे काम 'लेली' करतं साधारण तेच. योरुबात दोन क्रियापदं मधे काहीही न घालता एकमेकांना खेटून ठेवायची पद्धत आहे, आपण तिथे 'ऊन' लावतो, म्हणजे 'मागून मिळवणं', ते नुसतंच 'मागणं मिळवणं' म्हणतात. म्हणजे आबेनी झाली 'विनवणी करून आपली केलेली'. कुणाला विनवणी केली ते शब्दात नाही. देव असेल, नदी असेल, अल्ला असेल, येशू असेल. म्हणूनच हे नाव कुठल्याही धर्माच्या घरात आरामात बसतं.

यातला 'बे' आपला 'बे' नाही हं. तो तोंड जरा जास्त उघडून म्हणायचा, ए आणि ॲ यांच्या मधला आवाज आहे तो. रोमन लिपीत लिहिताना योरुबा लोक त्या अक्षराखाली टिंब देतात. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून मी आबेनी लिहितेय, कुणी आबॅनी लिहिलं तरी चूक म्हणता येणार नाही.

पण उच्चारापेक्षाही मोठा विषय आहे सुरांचा. योरुबा ही सुरांची भाषा आहे, खालचा, मधला आणि वरचा असे तीन सूर, आणि प्रत्येक स्वर यातल्या एका सुरात म्हणायचाच असतो, नाहीतर अर्थच बदलतो. तिकडे हे सूर दो-रे-मी म्हणून शिकवतात, आपण सा-रे-ग म्हणू. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'ऑकॉ' हा शब्द, एका सुरात तो नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी किंवा होडी, चौथ्यात भाला. 'बे' चंही तसंच आहे, खालच्या सुरात म्हटलं तर विनवणी आणि वरच्या सुरात म्हटलं तर छाटणं, मुंडकं उडवायलासुद्धा हेच क्रियापद वापरतात. म्हणजे एक सूर चुकला तर नवसाच्या पोरीचं काय होतं बघा. याच घराण्यातलं आणखी एक नाव आहे आलाके, आणि अबेओकुटाच्या एग्बा लोकांच्या राजाची पदवीसुद्धा आलाकेच. सुरांच्या खुणा आणि खालचं टिंब न लावता लिहिलं तर दोन्ही रोमन लिपीत हुबेहूब सारखे दिसतात, बोलताना मात्र कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण राजाचे सूर वेगळे, स्वर वेगळे, आणि मुलीचे वेगळे. आणि बहुतेक ठिकाणी, पासपोर्टवर, फोनमध्ये, शाळेच्या हजेरीत, या खुणा लावल्याच जात नाहीत, त्यामुळे नावाचा अर्धा अर्थ तिथेच गळतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. इंग्रजीत एस ए एन ई असं लिहिलेलं बघून तो साने की सणे हे आपणही ओळखीवरूनच ठरवतो ना, तसंच, पण तिकडे प्रश्न प्रत्येक स्वराचा आहे.

आता ओरिकीकडे येऊ. योरुबा माणसाला एकच नाव नसतं, वेगवेगळ्या प्रकारची नावं असतात. काही नावं मूल 'स्वर्गातून घेऊनच येतं', त्यांना आमुतोरुनवा म्हणतात, म्हणजे ती आईबापांनी निवडायचीच नसतात, जन्म कसा झाला त्यावरून ती ठरलेली असतात. जुळ्यांमध्ये आधी बाहेर येणारा ताइवो, म्हणजे 'जगाची चव बघायला पुढे आलेला', आणि मागून येणारा केहिंदे, आणि गंमत अशी की मोठा मान केहिंदेलाच, कारण त्यानेच धाकट्याला पुढे बघून यायला पाठवलं असं मानतात. जुळ्यांनंतरचं मूल इदोवू. पायाळू जन्मलं तर इगे. आपल्याकडे पायाळू माणसाला वेगळं मानतात, कंबर धरली की त्याच्याकडून पाय लावून घेतात, पण त्याचं नाव पायाळू ठेवत नाहीत, ते ठेवतात. पालथं जन्मलेलं मूल अजायी.

या अजायी नावाचा एक माणूस जगभर माहीत आहे. १८२१ साली गुलामांसाठी पडलेल्या धाडीत एका योरुबा गावातून लहान वयात त्याला पळवलं, गुलामांच्या जहाजावर चढवलं, ब्रिटिश नौदलाने ते जहाज अडवून त्याला सिएरा लिओनला उतरवलं. तिथे बाप्तिस्मा झाला आणि सॅम्युअल क्राउदर हे इंग्रजी नाव लागलं, पण अजायी त्याने सोडलं नाही. १८४३ मध्ये योरुबा शब्दसंग्रह छापला, बायबलचं योरुबा भाषांतर केलं, आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. त्याच्या आधी, पळवून नेल्याला पंचवीसेक वर्षं झाल्यावर, १८४६ मध्ये, अबेओकुटात त्याची आणि आईची पुन्हा गाठ पडली. दोन नावांमध्ये अख्खं आयुष्य कसं मावतं ते इथे दिसतं.

मग येतात आबिसो, म्हणजे जन्मल्यावर ठेवलेली नावं, आपण ज्याला नाव म्हणतो ते हेच. घरात काय चाललंय ते बघून ही ठेवतात. तिकडे म्हणच आहे, मुलाला नाव ठेवण्याआधी घराकडे बघावं. फोलाशादे म्हणजे 'मान हाच मुकुट केला', इंग्लंडमध्ये गाजलेली गायिका शादे, इबादानला १९५९ मध्ये जन्मलेली, तिचं शादे हे याच नावाचं शेपूट.

आणि या सगळ्यांच्या जोडीला, वेगळं, असतं ओरिकी. हे टोपणनाव नाही, लाडाचं नाव म्हणावं तर तेवढंच नाही, आपल्या 'बबी', 'सोनी', 'ठकी' सारखं तर मुळीच नाही. ओरिकी म्हणजे स्तुती. देवांचं ओरिकी असतं, राजांचं असतं, गावांचं असतं, घराण्यांचं असतं, प्राण्यांचं सुद्धा असतं, लांबच्या लांब ओळींची गाणी असतात ती, आणि माणसाला जन्मतःच त्यातलं एक छोटंसं, एका शब्दाचं ओरिकी मिळतं. आबेनी हे त्यातलं एक.

बारसं कसं होतं ते बघितलं तर हे नीट लक्षात येईल. जुन्या रीतीप्रमाणे मुलगी असेल तर सातव्या दिवशी, मुलगा असेल तर नवव्या, जुळी असतील तर आठव्या दिवशी, आता बहुतेक सगळ्यांचंच आठव्या दिवशी करतात. सकाळी लवकर माणसं जमतात. मधे ताटं, वाट्या मांडलेल्या असतात, त्यात मध, मीठ, ऊस, लाल पाम तेल, सुका मासा, कोला नट, कडू कोला, अताआरे नावाची मिरी आणि एका भांड्यात साधं पाणी. घरातलं मोठं माणूस एकेक वस्तू उचलतं आणि बाळाच्या ओठाला लावता लावता आशीर्वाद म्हणतं. मध घेतला की तुझं आयुष्य असं गोड होवो. पाणी घेतलं की पाण्याला शत्रू नसतो, तुलाही नसो. अताआरेच्या एका बोंडात गच्च बिया असतात, म्हणून तुझा गोतावळा असाच भरलेला असो. कडू कोल्याला ते ओरोग्बो म्हणतात आणि 'ग्बो' म्हणजे पिकणं, म्हातारं होणं, म्हणून तू म्हातारी हो, पिकून जा. प्रत्येक वस्तूच्या नावातूनच आशीर्वाद काढलेला असतो, म्हणजे भाषा कळल्याशिवाय तो विधी अर्धाच कळतो. मग त्या ताटल्या जमलेल्या सगळ्यांमध्ये फिरतात, सगळे चव घेतात. आणि मग पाण्याच्या भांड्यात किंवा ताटात पैसे टाकून आजी, आजोबा, काका, आत्या, मामा एकेक जण बाळाला आपापलं नाव देतात. आपल्याकडे आत्या कानात कुर्र करते, तिथे सगळ्यांनाच तो मान. त्यामुळे एकेका बाळाची सहा, आठ, दहा नावं होतात. त्यातलं एक कागदावर जातं, दोन-तीन घरात राहतात, बाकीची ज्याने दिली त्याच्याच तोंडी उरतात. ओरिकी या घरात राहणाऱ्यांपैकी.

ते वापरतात कधी? सगळ्यात ओळखीचा प्रसंग सकाळचा. मुलगी उठते, तोंड धुते, आजीसमोर येऊन दोन्ही गुडघे टेकते, मुलीने गुडघे टेकायचे आणि मुलाने सरळ साष्टांग घालायचा ही रीत, आणि म्हणते 'ए काआरो', म्हणजे सुप्रभात, आदरार्थी. आजी नुसतं 'बरं बाळा' म्हणत नाही. ती म्हणते, 'आबेनी', आणि तिथून सुरू करते. आबेनी, अमक्याची लेक, तमक्या गावची, आणि मग घराण्याचं ओरिकी, एकामागून एक ओळी. समजा घराणं इकोयीचं असेल तर त्यात लढवय्ये येणार, ज्यांच्या पाठीत कधी बाण लागत नाही, लागला तर छातीत. सहा वर्षांची पोर शाळेचा युनिफॉर्म घालून गुडघ्यावर बसलीय आणि तिला रोज सकाळी सांगितलं जातंय की तू विनवण्या करून मिळालेली आहेस आणि तू कुणाची आहेस. योरुबात म्हणतात की आपलं ओरिकी ऐकलं की डोकं फुगतं. हे वाईट अर्थाने नाही, आपण म्हणतो ना अंगावर मूठभर मांस चढलं, तसं.

हाक मोठ्याने धाकट्याला मारायची, उलट नाही. मूल रुसलंय, आजारी आहे, परीक्षेला निघालंय, लग्न होऊन सासरी निघालीय, अशा वेळी ओरिकी निघतं. आणि हे तोंडानेच म्हणावं लागतं असंही नाही. दुंदुन नावाचा त्यांचा ढोल असतो, डमरूसारखा मधे बारीक, काखेत धरून दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो. भाषाच सुरांची असल्यामुळे वाजवणारा त्यावर चक्क बोलतो. लग्नात, बारशात तो एखादीसमोर जाऊन तिचं ओरिकी वाजवतो, खाली, खाली, वर, आणि पुढे घराण्याच्या ओळी, आणि ती नाचत नाचत पुढे येते आणि लोक नोटा कपाळाला चिकटवतात.

घराण्याचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. ओरिकीच्या जोडीला ओरिले असतं, म्हणजे कुळाचं मूळ चिन्ह, कुणाचं हत्ती, कुणाचं खांब. वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपलं देवकच आठवलं, कुणाचा कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस. एक फरक मला फार आवडला, तो म्हणजे योरुबा बाईचं ओरिले लग्नानंतर बदलत नाही, माहेरचं तेच राहतं.

आता या एका शब्दाच्या ओरिकींचं व्याकरण बघा, ते फार मजेशीर आहे. मुलींच्या बऱ्याच ओरिकींच्या शेवटी 'के' येतं. 'के' म्हणजे लाड करणं, जपणं, काळजीने वाढवणं. आबेके म्हणजे विनवण्या करून जपायला मिळालेली. आशाके म्हणजे निवडून निवडून लाड करावेत अशी, आपल्या आशाशी तिचा काही संबंध नाही. आजोके म्हणजे सगळ्यांनी मिळून जपायची. आदुके म्हणजे जिचे लाड करायला माणसांची चढाओढ लागते ती. आयिंके म्हणजे कौतुक करून जपायची. आणि आलाके, मघाशी आली ती, म्हणजे वाचली तर लाड करू अशी, हे ऐकून जीव गलबलतो. काहींच्या शेवटी 'बी' येतं, 'बी' म्हणजे जन्म देणं, आशाबी म्हणजे निवडून जन्मलेली. आपल्याकडच्या मुसलमान घरांतली आशाबी अगदी अशीच ऐकू येते पण ती बी वेगळी, ही वेगळी.

मुलांच्या ओरिकीत मात्र 'के' जवळजवळ दिसतच नाही. आजानी, आकानी, आजागबे, आयिंदे, आलाओ अशी ती असतात. आबेनीचा जोडीदार शोधायचा झाला तर तो आजानी. दोघांच्याही शेवटी तेच 'नी', आपलं करणं. पण आजानीच्या मधे 'जा' आहे आणि 'जा' म्हणजे लढणं. मुलगा लढून मिळवलेला, मुलगी विनवून मिळवलेली. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या योरुबा पाद्र्याने आपल्या लोकांचा मोठा इतिहास लिहून १८९७ मध्ये पुरा केला, त्याचं हस्तलिखितच गहाळ झालं, मग त्याच्या मागे भावाने तो टिपणांवरून पुन्हा उभा करून १९२१ मध्ये छापून आणला, त्यात नावांवर एक प्रकरण आहे आणि त्याने हे सरळ लिहून ठेवलंय की मुलाचं ओरिकी शौर्याचं, बळाचं, आणि मुलीचं लाडाचं, कौतुकाचं. यात मुलीने जपून घ्यावं आणि मुलाने लढावं ही जुनी वाटणी आहेच, ती मला खटकते, पण तरी आबेनी या शब्दात मला लाडापेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. आदुके, आजोके यांच्यात मुलगी झाल्यावरचं कौतुक आहे. आबेनीमध्ये ती व्हायच्या आधीची वाट बघणं आहे. कुणीतरी मुलीसाठी गुडघ्यावर बसलं होतं, हे त्या नावात कायमचं लिहून ठेवलंय.

हे नाव कुठल्या साली निघालं असं कुणी सांगायला लागलं तर विश्वास ठेवू नका, ओरिकी तोंडी परंपरेतून आलेली आहेत, योरुबा भाषा लिहिण्याचे नियमच लागोसला १८७५ च्या बैठकीत ठरले, नावं त्याच्या कितीतरी आधीची. पण विनवणी का करावी लागायची ते मात्र कळू शकतं. मूल न होण्याचं दुःख एक. आणि दुसरं म्हणजे झालेली मुलं जायची. एकामागून एक मुलं गेली की योरुबा लोक म्हणायचे हे आबिकू आहे, म्हणजे मरण्यासाठीच जन्मणारं मूल, तेच तेच मूल परत येतं आणि परत जातं, आईला छळतं. अशा मुलांची नावं वाचवत नाहीत. मालोमो म्हणजे 'आता पुन्हा जाऊ नकोस'. रोतिमी म्हणजे 'माझ्याजवळ थांब'. दुरोजाये म्हणजे 'थांब, जग भोगून घे'. कोसोको म्हणजे 'कुदळच नाही', खड्डा खणायला कुदळ उरली नाही बाबा, आता तरी राहा. नायजेरियात सिकलसेलचा आजार जगात सगळ्यात जास्त आहे, आणि अशा किती घरांमागे तोच असणार असं आता डॉक्टर आणि अभ्यासक म्हणतात. सिकलसेल आपल्या गडचिरोली, नंदुरबारच्या लोकांना नवा नाही.

आणि ही नावंसुद्धा आपल्याला नवी नाहीत. मुलं जगत नाहीत म्हणून पोराला केरात ठेवून उचलायचं आणि नाव केरू ठेवायचं, दगड म्हणून दगडू, धोंडा म्हणून धोंडू, भीक मागितल्यासारखं करून भिकू, नाक टोचून नथू. माझ्या आजीच्या एका चुलत भावाचं नाव केरबा होतं, त्याच्या आधीची तीन गेली होती, आणि आजी त्याला हाक मारताना कधी 'केऱ्या' म्हणायची नाही, पूर्ण 'केरबा' म्हणायची. मला ते तेव्हा कळत नव्हतं. मृत्यूची नजर चुकवायला मुलाला कचरा म्हणायचं, ही आपली पद्धत, आणि मृत्यूशी सरळ बोलायचं, थांब म्हणायचं, ही त्यांची.

पण मुलीच्या बाबतीत आपल्याकडे दुसराही एक प्रकार होता, अजून पुरता गेलेला नाही. नकुशा. दोन-तीन मुलींनंतर आणखी एक झाली की 'नको' म्हणून नकुशा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन अशा अडीचशेहून जास्त मुलींना नवीन नावं दिली गेली, मुलींनी आपापली नावं निवडली, तेव्हा बातम्या जगभर गेल्या होत्या. नकुशा आणि आबेनी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही नावांत मुलीबद्दल देवाशी बोलणं चाललंय. एका नावात तिला परत पाठवणं आहे आणि दुसऱ्यात तिच्यासाठी पदर पसरणं. मी या नावाच्या एवढी मागे लागले ते यामुळेच.

विनवणी कुठे करायची, तर त्याचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे ओशोग्बो गावाची ओशुन नदी. ओशुन ही नदी पण आणि देवी पण, लेकरं देणारी. तिच्या काठचं राखीव रान २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे मोठा उत्सव होतो, एक कुमारिका देवीचा नैवेद्य झाकून डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालत जाते, हजारो माणसं मागे, आणि मूल हवं असलेल्या बाया नदीचं पाणी पितात, बाटल्यांत भरून घरी नेतात. पुढच्या वर्षी कडेवर मूल घेऊन नवस फेडायला येतात. आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेत हेच दृश्य दिसतं.

आता लोकप्रियतेचं. अमेरिकेत सरकार दरवर्षी बाळांच्या पहिल्या हजार नावांची यादी काढतं, त्यात आबेनी दिसत नाही. म्हणून याद्यांवर 'दुर्मिळ' असा शिक्का बसतो. नायजेरियात अशी क्रमवारी निघतच नाही. आणि निघाली तरी आबेनी त्यात सापडणार कशी, कारण ओरिकी बहुतेकदा जन्मदाखल्यावर नसतंच. दाखल्यावर तेमिलोलुवा असेल, शाळेत तेमी असेल, आणि आबेनी फक्त आजीच्या तोंडात असेल. कागद मोजून हे नाव मोजता येत नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तरीही ते कमी होतंय हे खरंच आहे. शहरात आजी सोबत राहत नाही, आणि ओरिकीच्या लांब ओळी ज्यांना पाठ आहेत त्या बायका कमी होत चालल्यात. ओरिकी म्हणजे गावाकडचं, म्हातारं, असं काही तरुण आईबापांना वाटतं. त्यात धर्माचा वारा. पूर्वी नावांची सुरुवात इफा, ओगुन, ओशुन अशा देवांनी व्हायची, ते काढून तिथे ओलु किंवा ओलुवा, म्हणजे प्रभू, असं घातलं गेलं, काहींनी तर थेट जेसु घातलं. आता अख्ख्या वाक्याची नावं चालतात, मोफियिनफोलुवा म्हणजे 'मी प्रभूची स्तुती करते'. यात ओरिकीला कुणी हाकललेलं नाही, कारण त्यात देवाचं नावच नाही. फुजी नावाचा योरुबा संगीतप्रकार घडवणारे सिकिरु आयिंदे बॅरिस्टर मुसलमान होते, सिकिरु हे मुसलमानी नाव आणि आयिंदे ओरिकी, दोन्ही शेजारी सुखाने नांदली.

आणि काही ठिकाणी ओरिकी परतही येतायत. तुंदे केलानी या दिग्दर्शकाने २००६ मध्ये 'आबेनी' याच नावाचा योरुबा सिनेमा केला, नायजेरिया आणि बेनिनच्या सीमेवरची प्रेमकथा. आशाके हे नाव तर आता जगात गाजतंय आणि तेही एका पुरुषामुळे, लागोसचा तो गायक स्वतःच्या आईचं नाव घेऊन गातो. मुलीच्या लाडाचं ओरिकी, आणि पोरगं ते मिरवतंय, मला हे ऐकून खूप बरं वाटलं. अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांनी साधारण १९६० नंतर गुलामीच्या काळात लादलेली नावं टाकून योरुबा नावं घ्यायला सुरुवात केली, साउथ कॅरोलिनात १९७० मध्ये ओयोतुंजी नावाचं योरुबा पद्धतीचं गावच वसवलं. ज्यांच्या पणज्यांची नावं जहाजावरच पुसली गेली त्यांनी आपल्या मुलीला 'मागून आपली केलेली' म्हणणं, याचं वजन वेगळंच आहे. तिथे मात्र आबेनी ओरिकी राहिली नाही, सरळ दाखल्यावरचं नाव झाली.

आपल्यापैकी कुणाला हे नाव ठेवावंसं वाटलं, किंवा ऑफिसात, कॉलेजात कुणी आबेनी भेटली, तर एवढं करा. 'अबेनी' म्हणू नका, पहिला आ पूर्ण उघडा. ती वयाने मोठी असेल आणि हे तिचं घरातलं ओरिकी असेल तर विचारल्याशिवाय त्या नावाने हाक मारू नका, तो हक्क तिच्या मोठ्यांचा. आणि सूर लावून म्हणा. सा, सा, आणि मग ग. योरुबात खालच्या सुरानंतर वरचा आला की तो एकदम उडी मारत नाही, खालून चढत जातो, म्हणून शेवटचा 'नी' थोडा ओढत वर न्यायचा. लांब अंगणाच्या त्या टोकाला खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलावताना आवाज जसा शेवटी चढतो ना, तसा. आ-बे-नीऽ.